लिंक पाठवते, बुक करा : दवाखान्यात ऑनलाइन अपॉइंटमेंट घेताना

[पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.]

आज अपॉइंटमेंटबद्दल बोलायचंय. मी फिजिओथेरपिस्ट. सांगलीत माझा छोटा दवाखाना आहे, दोन टेबलं, एक मशीनची खोली, बाहेर सहा खुर्च्या. पण मी जे सांगणार आहे ते आहारतज्ज्ञ, शिकवणीवाले, ब्युटी पार्लरवाल्या ताया, वकील, ज्यांच्याकडे माणसं वेळ ठरवून येतात त्या सगळ्यांना लागू पडेल असं मला वाटतं.

सुरुवात कुठून झाली, तर फोनवरून. माझं काम हाताचं. कुणाच्या तरी खांद्यावर अल्ट्रासाउंड चालू असतं, हाताला जेल असतं, आणि टेबलावर फोन थरथरत असतो. उचलला तर समोरचा पेशंट नाराज, नाही उचलला तर फोन करणारा नाराज. दुपारी बारा वाजता बघावं तर अकरा मिस्ड कॉल. मग जेवायच्या वेळेत एकेकाला उलट फोन. "उद्या जमेल का?" "उद्या नको मॅडम, परवा." "परवा साडेपाच?" "साडेपाचला मुलीचा क्लास असतो." एका माणसाची वेळ ठरवायला चार-पाच मिनिटं, आणि शेवटी ते म्हणणार, घरी विचारून सांगते.

तर दीड वर्षापूर्वी एका मैत्रिणीनं सांगितलं, लिंक वापर. लोक आपली वेळ आपण निवडतील.

ही लिंक नक्की काय करते ते आधी थोडक्यात सांगते, कारण हे कळलं की पुढच्या अर्ध्या चुका टळतात. तुम्ही त्या साधनाला दोन गोष्टी देता. एक, तुमचा नियम : सोमवार ते शनिवार, सकाळी 8 ते 12, संध्याकाळी साडेचार ते 8, एक बैठक अर्ध्या तासाची. दोन, तुमचं कॅलेंडर. नियमातल्या वेळेतून कॅलेंडरमधली गुंतलेली वेळ वजा करून जे उरतं, ते लोकांना दिसतं. कुणी त्यातली वेळ निवडली की ती कॅलेंडरमध्ये जाऊन बसते आणि दुसऱ्याला दिसेनाशी होते. बस्, एवढंच आहे. त्या साधनाला तुमच्या मनातलं काही कळत नाही. कॅलेंडरमध्ये नसेल तर तुम्ही मोकळे.

साधनं बरीच आहेत. गुगल कॅलेंडरमध्येच अपॉइंटमेंटचं पान बनवता येतं. झोहो बुकिंग्ज आहे, ती कंपनी आपल्या चेन्नईची. कॅल डॉट कॉम आहे. आणि सगळ्यात माहितीतलं कॅलेंडली. टोपे अवोटोना नावाच्या नायजेरियात जन्मलेल्या उद्योजकानं ते 2013 साली अमेरिकेत सुरू केलं. विक्रीच्या मीटिंग ठरवताना ईमेलवर ईमेल करून तो वैतागला होता. हे मी मुद्दाम सांगतेय. या साधनांचा जन्म ऑफिसमधल्या मीटिंगसाठी झालाय. दोन्ही बाजूंना ईमेल आहे, दोन्ही बाजूंना कॅलेंडर आहे, दोघंही स्क्रीनसमोर बसलेत, असं त्यात गृहीत आहे. माझ्या दवाखान्यातल्या निम्म्या लोकांचा ईमेल पत्ता त्यांच्या मुलाला माहीत असतो, त्यांना नाही.

आता माझ्या चुका ऐका. पहिली गणपतीतली. चतुर्थीच्या दिवशी मी कॅलेंडरमध्ये 'सुट्टी' अशी दिवसभराची नोंद केली होती आणि निवांत होते. सकाळी मोदकाची उकड मळतेय तर फोन, "मॅडम, शटर बंद आहे." दोघांनी बुक केलं होतं, म्हणजे एक तर तासगावहून आला होता! मग शोधलं तेव्हा कळलं, दिवसभराची नोंद केली की बऱ्याच कॅलेंडरमध्ये ती आपोआप 'मोकळे' अशी धरली जाते, कारण वाढदिवस वगैरे लोक तशाच नोंदवतात. नोंद उघडून ती 'व्यग्र' करावी लागते. माझीच चूक. पण ती कुणीतरी आधी सांगितली असती तर तो माणूस सणाच्या दिवशी पंचवीस-तीस किलोमीटर फुकट आला नसता.

दुसरी चूक म्हणजे मध्ये जागाच न ठेवणं. साडेनऊ, दहा, साडेदहा, अशा लागून बैठका. पण माणूस टेबलावरून उठतो, चप्पल घालतो, "मॅडम, गरम पाण्याची पिशवी की बर्फ?" विचारतो, पैसे देतो. यात दहा मिनिटं जातात. नवीन पेशंटला तर तपासायलाच पाऊण तास लागतो. अकरापर्यंत मी चाळीस मिनिटं मागे असायची. त्याला तिथे बफर म्हणतात, तो दहा मिनिटांचा लावला. नवीन आणि जुने यांच्यासाठी दोन वेगळे प्रकार केले. शिवाय आत्ता बुक करून पाच मिनिटांत दारात, असं होऊ नये म्हणून किमान तीन तास आधी, आणि पुढच्या चौदा दिवसांपुरतंच. लांबच्या तारखा उघड्या ठेवल्या तर लोक घेऊन ठेवतात आणि विसरतात.

तिसरी गोष्ट गमतीची आहे. एका मावशींचा मुलगा न्यू जर्सीत. आईची कंबर दुखतेय म्हणून त्यानं तिकडून वेळ घेतली आणि आईला फोनवर सांगितलं, मंगळवारी साडेदहा. मावशी मंगळवारी सकाळी साडेदहाला हजर. माझ्याकडे त्यांचं नाव बुधवारी सकाळी आठला! झालं असं की साधन बघणाऱ्याच्या गावची वेळ दाखवतं. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. आपल्या बुधवारचे सकाळचे आठ म्हणजे त्यांच्याकडे मंगळवार, रात्रीचे साडेदहा. त्यानं 'साडेदहा' वाचलं, रात्रीचे हे डोक्यात आलंच नाही. आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की हाच फरक साडेदहा तासांचा होतो. परदेशातली मुलं आईवडिलांसाठी वेळ घेतात, हे आपल्याकडे घरोघरी आहे. त्यामुळे ज्यांच्याकडे माणूस प्रत्यक्ष यायचा आहे त्यांनी वेळ भारताचीच दिसेल असं सेटिंग करा. काही साधनांत ते आहे. नसेल तर बुकिंगच्या पानावर ठळक लिहा, 'सर्व वेळा सांगलीच्या'. व्हिडिओवर सल्ला देत असाल तर मात्र त्यांची वेळ त्यांना दिसणंच बरं.

आता जे मला खरं तर सांगायचं होतं ते.

माझ्याकडे एक काका येतात. सहा वर्षं येतात, आधी मानेसाठी, मग गेल्या वर्षी गुडघा बदलला त्यासाठी. त्यांनी कधी फोन केला नाही. रिक्षा करायची, यायचं, बसायचं, "ताई, तुमचं होऊ दे निवांत." अर्धा तास, कधी पाऊण तास पेपर वाचत बसायचे. मी कुठेतरी बसवायचीच त्यांना. तो रिकामा वेळ कुठल्याच वहीत नव्हता, पण होता.

लिंक सुरू झाली आणि तो वेळ भरला. रात्री साडेअकराला लोक बुक करतात हो! दिवसभराच्या सगळ्या जागा सकाळपर्यंत गेलेल्या. काका वॉकर घेऊन आले, ऑपरेशनला पाच आठवडे झालेले. मी आत होते. बाहेर मावशी असतात, दवाखाना उघडल्यापासून माझ्याबरोबर आहेत. मीच त्यांना सांगून ठेवलं होतं की आता लिंकशिवाय कुणाला घ्यायचं नाही, नाहीतर सगळा घोळ होईल. त्यांनी तेच सांगितलं. "काका, आज जागा नाही. मोबाइलवर बुक करून या." काका बरं म्हणाले आणि गेले.

बारा दिवस ते आले नाहीत. मला कळलंसुद्धा नाही. हे बोलताना अजून कसंतरी होतं. पूर्वी वही असायची, त्यात नाव नाही दिसलं की मी मावशींना विचारायचे, काका का आले नाहीत? कॅलेंडर भरलेलं दिसत होतं, सगळे रंगीत चौकोन, आणि माझ्या डोक्यात की वा, काय छान चाललंय. कॅलेंडरमध्ये आलेली माणसं दिसतात. परत गेलेली दिसत नाहीत.

गुडघा बदलल्यावर पहिले काही आठवडे फार महत्त्वाचे असतात. त्या काळात रोज थोडा थोडा वाकवला नाही तर तो आखडतो, आणि मग तोच कोन परत मिळवायला दुप्पट दुखणं सोसावं लागतं. काकांचा गुडघा शंभर अंशांपर्यंत आला होता. मी घरी गेले तेव्हा मोजला, पंच्याऐंशी. मी म्हटलं, "काका, फोन तरी करायचा." ते म्हणाले, "तुम्ही कामात असता. आणि ते मोबाइलचं मला काय जमतंय होय?" रागावले नव्हते, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर महिनाभर मी त्यांच्या घरी जाऊन केलं. कोन परत मिळाला, पण त्यांना जे दुखलं ते टाळता आलं असतं.

मग मी काय बदललं? लिंकवरून सकाळी दहा ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते सहा हे दोन तास काढून टाकले. ते कुणालाच ऑनलाइन दिसत नाहीत. ती 'दाराची वेळ'. फोन करून या, न करता या, बसा, नंबरानं घेते. कधी त्यातला अर्धा तास रिकामा जातो, जाऊ दे. मला हिशोबानं सांगणारे भेटले की हे नुकसान आहे. माझ्या वाट्याला मधला चहा येतो, एवढंच.

दुसरं, मावशींच्या हातात कॅलेंडर दिलं. आधी त्यांना वाटलं होतं की लिंक आली म्हणजे आपलं काम गेलं. त्यांनी मला तसं बोलून दाखवलं नाही, घरी लेकीला बोलल्या, तिच्याकडून मला कळलं. आता फोनवर जो येतो त्याची वेळ त्याच त्याच कॅलेंडरमध्ये घालतात, मराठीत टाइप करून. जागा एकच हवी, हे लक्षात ठेवा. काही वहीत, काही मोबाइलवर असं झालं की एका वेळी दोन माणसं आलीच म्हणून समजा. मावशींनी वही मात्र सोडली नाही. रात्री दवाखाना बंद करताना उद्याची नावं वहीत उतरवतात. मला हसू यायचं. मग एकदा दिवसभर इंटरनेट गेलं आणि वहीवर सगळं पार पडलं, तेव्हापासून मी गप्प आहे. शिवाय चार दिवस न दिसलेल्या माणसाला फोन करायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलंय.

न येणाऱ्यांबद्दल दोन शब्द. लिंकमुळे ते कमी होतील असं मला वाटलं होतं, उलट सुरुवातीला वाढले. बोटाच्या एका टिचकीनं घेतलेली वेळ टिचकीसारखीच सोडून दिली जाते. ईमेलची आठवण आमच्याकडे कुणी वाचत नाही. मोठ्या प्रमाणात एसएमएस पाठवायचे तर ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटीवर नाव आणि मजकुराचा नमुना नोंदवावा लागतो, एका दवाखान्याला ते झेपत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी मावशी व्हॉट्सअ‍ॅपवर एकेकाला संदेश टाकतात : "उद्या साडेनऊ. येताय ना?" उत्तर आलं नाही तर फोन. एवढ्यानं बराच फरक पडला. नवीन पेशंटकडून दोनशे रुपये आधी यूपीआयवर घेते, ते फीमधून वजा होतात. जुन्यांकडून मागायला माझं मन होत नाही.

आणि एक गोष्ट, बायकांच्या तक्रारी बघणाऱ्यांनी विशेष ऐका. बुकिंगच्या फॉर्मवर मी विचारायचे, काय त्रास होतो ते सविस्तर लिहा. बाळंतपणानंतर लघवीवर ताबा राहत नाही, असं एकीनं विश्वासानं लिहिलं. ते सगळं कॅलेंडरच्या नोंदीत जातं. आणि माझं ते कॅलेंडर घरच्यांबरोबर शेअर केलेलं, मुलाच्या शाळेच्या तारखांसाठी! नवऱ्याच्या मोबाइलवर तिचं नाव आणि तिचा त्रास. त्यानं वाचलं नसेल, पण वाचता आलं असतं. त्याच दिवशी दवाखान्याचं कॅलेंडर वेगळं केलं. फॉर्मवर आता नाव, फोन, आणि 'मान, कंबर, गुडघा, खांदा, इतर' एवढंच. 'इतर' म्हणजे समोर बसून बोलू. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायद्याच्या आधी ती बाई आहे. आधार, पॅन असलं काही तर बुकिंगला मागूच नका, लागत नाही.

काका सध्या आठवड्यातून एकदा येतात, दाराच्या वेळेत. परवा त्यांच्या नातीनं मोबाइलवर लिंक उघडून दिली होती म्हणे. त्यांनी साडेपाचची वेळ शोधली आणि मला येऊन म्हणाले, "ताई, त्यात पाच ते सहा दिसतच नाही. मशीन बिघडलंय तुमचं." मी म्हटलं, "काका, ती तुमच्यासाठी बाजूला ठेवलीय." "मग सांगायचं ना," म्हणाले आणि पेपर उघडला.

बरं, थांबते. बाहेर साडेचारचे आलेत, मावशी दारातून खुणा करतायत. पुढच्या भागात फी कशी ठरवायची आणि ती मागताना अवघडल्यासारखं का होतं त्याबद्दल बोलू. भेटू.