काच, प्रकाश आणि दृष्टी
(वार्षिक स्नेहमेळाव्यातील प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाचा संपादित भाग)



सहावीत जाईपर्यंत मी एस.टी.ची पाटी कधी वाचली नव्हती. गाडी कुठली, हे शेजारच्याला विचारूनच मी चढत असे. फळ्यावरचे दिसत नसे, म्हणून वही कोरी राही आणि मी ‘मठ्ठ’ ठरलो होतो. एका शिबिरात डोळे तपासले गेले, चष्मा मिळाला आणि वही भरू लागली. दोष बुद्धीत नव्हताच. डोळ्यात शिरणारे किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येत होते. अंतर्गोल भिंगाने ते किंचित फाकवले, इतकेच.

प्रकाशाला वळविण्याचा काचेचा हा गुण तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्म्याच्या रूपाने माणसाच्या कामी आला. ते पहिले चष्मे वाचनासाठी होते. आपल्या भाषेने तर त्या वयाला आणि त्या चष्म्याला ‘चाळिशी’ हे एकच नाव दिले. आज बहुतेक भिंगे हलक्या प्लॅस्टिकची असतात. तत्त्व मात्र तेच आहे.

दुसरी काच आपल्याला दिसत नाही, कारण ती जमिनीखालून जाते. काचेच्या तंतूत शिरलेला प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासह अशा तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेण्याचे संशोधन १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु लांबच्या अंतरात प्रकाश विरून जाई. हा दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्धीचा आहे, असे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये मांडले. १९७० मध्ये कॉर्निंगच्या संशोधकांनी एक किलोमीटरनंतर सुमारे २ टक्के प्रकाश उरेल असा तंतू घडविला. आजच्या तंतूत सुमारे ९५ टक्के उरतो. काओ यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आज या दोन्ही वाटा रुग्णालयात एकत्र येतात. मधुमेही आजोबांच्या दृष्टिपटलाचे छायाचित्र गावात काढले, तरी ते काही क्षणांत शहरातील तज्ज्ञांसमोर येऊ शकते.

तरीही एक गोष्ट कोणतेही तंत्र भरून काढू शकत नाही : गेलेला वेळ. लहानपणी एका डोळ्याला स्पष्ट दिसले नाही, तर मेंदू त्या डोळ्याने पाहण्यास शिकतच नाही. त्यास ‘आळशी डोळा’ म्हणतात. वय वाढल्यावर दिलेले उत्तम भिंगही मग पुष्कळदा पुरेसे पडत नाही. म्हणून पालकांनी मुलांचे डोळे शाळाप्रवेशापूर्वीच तपासून घ्यावेत आणि देणगीदारांनी अशा तपासणीस हातभार लावावा, ही माझी नम्र विनंती आहे. काचेचा दोष शोधण्यास विज्ञानाला अनेक वर्षे लागली. मुलाचा दोष शोधण्यास आपल्याला काही मिनिटे पुरतात. पण ती मिनिटे वेळेवर मिळाली पाहिजेत.