चरा की चीर? नव्या गिटारमधील दोषांची पारख

नवी गिटार पेटीतून बाहेर काढताच नजर प्रथम चकाकत्या रोगणावरील चऱ्याकडे जाते, आणि वाद्य ज्या ठिकाणी खरोखर दुखावते ती ठिकाणे मात्र बहुधा पाहायची राहून जातात. दोषाचे गांभीर्य तो किती ठळक दिसतो यावर ठरत नसून तो तारांच्या ताणाच्या वाटेवर आहे किंवा नाही यावर ठरते. म्हणून पारख करणाऱ्याने आधी हा ताण समजून घेणे इष्ट ठरते.

पोलादी तारांची अकूस्टिक गिटार सुरात लावली असता तिच्या सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलो वजनाइतका भरतो. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर तो ४० किलोच्या आसपास असतो. हा ताण एका टोकाला ब्रिज, म्हणजे फळीवर चिकटवलेली व तारा अडकवण्याची लाकडी पट्टी, आणि दुसऱ्या टोकाला हेडस्टॉक, म्हणजे सूर लावण्याच्या कळा बसवलेला माथा, यांच्यामध्ये अहोरात्र चालू राहतो. तो पेलणारी वरची फळी पुष्कळदा स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडाची असते. तिची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर असल्याने ती आतून चिकटवलेल्या पट्ट्यांच्या, म्हणजे ब्रेसिंगच्या, आधारावरच टिकून राहते. या भारामुळे पोलादी तारांच्या गिटारची फळी ब्रिजच्या मागे किंचित फुगीर दिसते, आणि तेवढा फुगवटा स्वाभाविक मानला जातो.

रोगणाला गेलेला तडा आणि लाकडाला गेलेली चीर यांतील भेद ओळखणे ही पारखीची पहिली पायरी होय. थंड हवेतून आलेले वाद्य एकदम उबदार खोलीत उघडले तर लाकूड व रोगण सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत आणि रोगणावर केसासारख्या बारीक रेषांचे जाळे उमटते. या रेषा लाकडाच्या तंतूंना न जुमानता आडव्यातिडव्या धावतात. लाकडाची चीर मात्र बहुतेक वेळा तंतूंच्या दिशेनेच सरळ जाते. तिच्या एका कडेवर अंगठ्याने अगदी हलका दाब दिला असता ती कड दुसरीपेक्षा खाली जात असेल, किंवा छोटा दिवा व आरसा साउंडहोलमधून, म्हणजे फळीवरील गोल भोकातून, आत धरून पाहिले असता तीच रेषा फळीच्या आतल्या अंगालाही दिसत असेल, तर दोष लाकडात उतरला आहे असे समजावे. याउलट स्प्रूसच्या फळीवर तंतूंना आडवे जाणारे रेशमी चकाकीचे पट्टे किंवा अस्वलाने नखे ओढल्यासारखी नक्षी हा लाकडाचा अंगभूत पोत असून काही कारागीर असे लाकूड मुद्दाम निवडतात.

सर्वांत कसून पाहण्याची जागा म्हणजे हेडस्टॉक जेथे मानेला मिळतो तो सांधा. अनेक गिटारींत माथा मागे कललेला असल्याने तेथे लाकडाचे तंतू तिरपे कापले जातात आणि वाहतुकीत पेटी आपटली तर वाद्य पुष्कळदा तेथेच मोडते. येथे एक फसगत संभवते: काही गिटारींत माथा वेगळ्या तुकड्याचा करून तिरप्या कापाने मानेला चिकटवलेला असतो आणि त्या जोडाची रेषा चिरेसारखी भासते. जोडाची रेषा सरळ, नीटस व दोन्ही बाजूंना सारखी असते, तर मोड दातेरी व वेडावाकडा असतो. मोडाची रेषा केसाएवढी असली तरी ते गंभीर नुकसान होय.

ब्रिजची परीक्षा साध्या कागदाने होते. कागदाची कड ब्रिजच्या मागच्या बाजूने खाली सरकवून पाहिली असता ती कडेलाच अडत असेल तर चिंता नसते. ती काही मिलिमीटर आत शिरत असेल तर सरस सुटू लागला आहे आणि तारांचा ताण ब्रिजला उचलतो आहे. फळीवर बोटाच्या पेराने हलकेच टकटक करीत गेल्यास एखाद्या ठिकाणी खरखरीत, सैल आवाज येतो. तो आतील पट्टी सुटल्याची शंका निर्माण करतो.

काही तक्रारी मात्र मोडतोडीत मोडतच नाहीत. तंबोऱ्यात जवारी लावून जो झणत्कार मुद्दाम निर्माण केला जातो, तोच गिटारमध्ये तार फ्रेटला, म्हणजे पट्टीवरील धातूच्या आडव्या पडद्याला, घासल्याने उमटला तर दोष ठरतो. परंतु त्याचे कारण बहुधा मानेचा बदललेला बाक एवढेच असते आणि मानेच्या आत बसवलेली ट्रस रॉड ही धातूची सळई जाणकाराने थोडी फिरवताच तो पुष्कळदा दूर होतो. मानेला पीळ पडला असेल तर मात्र सामान्य सळईने तो सुधारत नाही. हवेचाही यात वाटा असतो. कोकणच्या पावसाळ्यात लाकूड ओलावा शोषून फुगते व तारा उंचावतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते आक्रसते आणि फ्रेटची टोके मानेच्या कडेला बोचू लागतात. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता गिटारला मानवते असे सामान्यतः मानले जाते.

दिसणारे नुकसान आणि वाद्याची प्रकृती यांचा संबंध किती सैल असू शकतो, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकी गायक विली नेल्सन यांची ‘ट्रिगर’ ही मार्टिन कंपनीची क्लासिकल गिटार. नायलॉन तारांच्या या वाद्याला नखीच्या घासापासून वाचवणारी पट्टी नसल्याने वर्षानुवर्षांच्या वादनाने तिच्या फळीला साउंडहोलशेजारी दुसरे भोक पडले; तरी आतील आधार वेळोवेळी दुरुस्त होत राहिल्याने ती वाजत राहिली.

अर्थात जुन्या सोबत्याला जे शोभते ते नव्या खरेदीला लागू करण्याचे कारण नाही. पोचा किंवा चरा नादाला बाधत नसला तरी ग्राहकाने निर्दोष वस्तूची किंमत मोजलेली असते, त्यामुळे सवलत किंवा बदली मागणे रास्तच ठरते; लाकडातील चीर, माथ्याचा मोड, सुटणारा ब्रिज किंवा पिळलेली मान आढळली तर नवे वाद्य दुरुस्तीला न देता परत करावे. तोपर्यंत तारा सैल कराव्यात, पेटी व वेष्टण टाकून देऊ नये आणि दोषाशेजारी मोजपट्टी ठेवून त्याच दिवशी छायाचित्र काढून ठेवावे.