जर्मनीत शिकायचंय? आधी हे ऐका

बारावी झाली की थेट जर्मन विद्यापीठात, असं अनेक घरांत धरून चालतात. सहसा तसं होत नाही. भारतात पदवीचं एक वर्ष यशस्वी झालेलं असावं लागतं, तेही जुळणाऱ्या विषयात. तांत्रिक शाखांसाठी जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण असणंही चालतं.

गुणांचं गणित समजून घ्या. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम, ४ म्हणजे जेमतेम पास. तुम्हाला शंभरपैकी ८० गुण असतील आणि पास व्हायला ४० लागत असतील, तर त्याचे होतात २.०. हा आकडा पाहून घाबरू नका, शेरा चांगलाच आहे!

जर्मनमधून शिकायचं तर टेस्टडाफ या जर्मन भाषेच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण या चारही भागांत साधारणपणे चौथी पातळी मागतात. तिथवर पोचायला वेळ लागतो. भाषेचा वर्ग अकरावीतच लावा, हे मी कळकळीनं सांगते. इंग्रजी अभ्यासक्रमांना आयेल्ट्स किंवा टोफेल चालते.

शिवाय नोव्हेंबर २०२२पासून बहुतेक भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी तुमच्या गुणपत्रिकांची सत्यता दिल्लीत तपासली जाते. म्हणून दहावीची गुणपत्रिका, पदवीची कागदपत्रं आणि पासपोर्ट यांवरचं नावाचं स्पेलिंग आजच ताडून पाहा.