सण ठेवावा की सोडावा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचे काही माझ्याकडून ऐकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. आमच्या घरात दरवर्षी जो प्रश्न उभा राहतो, तोच तुमच्यापुढे ठेवणार आहे. एखादा धर्म सोडल्यावर त्या धर्माचे सण करावेत की नाही?

तुम्ही म्हणाल, यात विचार करण्यासारखे काय आहे? धर्म सोडला की सण सुटला. पण भगिनींनो, धर्म सोडण्याचा दिवस एकच असतो आणि सण दरवर्षी येतो. आश्विन लागला, बाजारात पणत्या आणि आकाशकंदील दिसू लागले, शेजारून चकलीच्या भाजणीचा वास आला, की आमच्या बौद्ध घरांत हा प्रश्न पुन्हा निघतो.

माझे सासर मूळचे येवल्याच्या बाजूचे. सासरे कारखान्यात नोकरी लागली म्हणून बोईसरला आले आणि पुढे आम्ही तारापूरला राहिलो. त्याच येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी सांगितले होते की, मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्याआधी १९२७ साली महाडला तळ्याच्या पाण्यासाठी आणि १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराच्या दारासाठी सत्याग्रह करावा लागला होता. पाणी आणि देव दोन्ही बंद ठेवणारा तो धर्म किती कडक होता, हे यावरून समजते. शेवटी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि बावीस प्रतिज्ञा केल्या.

या प्रतिज्ञांत ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी, गणपती किंवा दुसरी कोणतीही देवदेवता मानणार नाही, श्राद्धपक्ष करणार नाही, असे आहे. सर्व माणसे समान मानीन, चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही, असेही आहे. तेव्हा लक्ष्मीपूजनाचा प्रश्न आमच्यापुरता तेव्हाच सुटला. पण फराळाच्या ताटाचे काय? कंदिलाचे काय? मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, त्याचे काय? दिवाळीचे नाव त्या बावीस प्रतिज्ञांत नाही. हे ज्याने त्याने आपल्या घरात ठरवायचे आहे.

आमच्या घरी ही गोष्ट निघाली ती माझ्या मुलीमुळे. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने विचारले, "आई, सगळ्यांच्या दारात कंदील आहे, आपल्याच दारात अंधार का?" आमचे हे म्हणाले, "लाव एक, दिव्याला कुठे धर्म असतो?" पण सासूबाई उठून बसल्या. त्या सहसा रागावत नाहीत. त्या म्हणाल्या, "माझी आई सांगायची, सणाच्या दिवशी आमच्या बाया टोपली घेऊन गावात फिरायच्या. लोक वरून उरलेसुरले टाकायचे, शिवायचे नाहीत. दीक्षेनंतर आमच्या वस्तीने त्या टोपल्या बंद केल्या. ज्या सणाला माझी आई दुसऱ्याच्या दारात उभी राहिली, तो सण मी माझ्या दारात टांगू?"

घरात कोणी काही बोलले नाही. मला दोघींचेही खरे वाटले. सासूबाईंना कंदिलात टोपली दिसत होती. मुलीने टोपली कधी पाहिलीच नव्हती, तिला नुसता उजेड दिसत होता.

असा पेच आमच्यावरच आला असेही नाही. वसईच्या बाजूची एक ख्रिस्ती बाई आमची शेजारीण आहे. दरवर्षी नाताळला तिच्याकडून करंज्या आणि केक येतो. मुलीने एकदा नाताळची माहिती वाचून दाखवली, तेव्हा मला नवल वाटले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स म्हणून प्रांत आहे. तिथले जुने ख्रिस्ती लोक इतके कडक होते, की नाताळ बायबलात सांगितलेला नाही म्हणून त्यांनी १६५९ साली तो साजरा करायलाच बंदी केली. जो करील त्याला पाच शिलिंग दंड. तो कायदा १६८१ साली गेला, पण नाताळची सरकारी सुट्टी तिथे व्हायला १८५६ साल उजाडले. म्हणजे सण कर म्हणून सक्ती करणारे असतात, तसे करू नको म्हणून दंड घेणारेही असतात.

आपल्याकडचे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. ते १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि मग त्यांनीही तो धर्म घेतला. सोवळेओवळे आपल्या मनातून एकदम गेले नाही, हळूहळू गेले, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात न लपवता लिहिले आहे. टिळकांनी देव बदलला, पण ओवी, अभंग आणि कीर्तन टाकले नाही. त्यांची भजने मराठी चर्चमध्ये आजही म्हणतात. काय सोडायचे आणि काय बरोबर न्यायचे, याचा निवाडा त्यांनी एकेका गोष्टीपुरता केला.

आम्हीही तसेच केले. एकेक गोष्ट घेतली आणि तीन प्रश्न विचारले. जे मानणार नाही असे आपण म्हटले, त्याच्यापुढे हिच्यात वाकावे लागते काय? हिच्यात कोणाला खालचे ठरवले जाते काय? आणि ही गोष्ट आपण भिऊन करतो आहोत काय?

पूजा नाही, हे तर पहिलेच ठरलेले. भाऊबीजेला माझा भाऊ येतो, जेवतो, भाचरांना खाऊ देतो, ओवाळणे नाही. किल्ला करायला मुलगी शेजारच्या मुलांत जाते, कारण त्यात देव नाही आणि उच्चनीचही नाही. फराळाचे ताट आले तर आम्ही घेतो. टोपलीत वरून टाकलेले आणि शेजारणीने दारात येऊन हातात दिलेले, यांत फरक आहे, हे सासूबाईंनीच सांगितले. ताट रिकामे परत करत नाही. बुद्धपौर्णिमेला आमच्याकडची खीर त्याच घरांत जाते.

राहिला कंदील. तो सासूबाई असेपर्यंत दिवाळीत लावायचा नाही असे ठरले. मुलगी रडली, हे मी लपवत नाही. पुढे १४ एप्रिलला तिने स्वतः पाच रंगांच्या कागदांचा कंदील केला आणि आजीनेच तो दारात धरला. तरीही दिवाळीच्या चार रात्री तिला आपले दार अंधारे वाटते. ते दुःख तिचे आहे, आणि आजीचे दुःख आजीचे आहे. या घरात आजीचे मोठे धरले, इतकेच.

आमचा निर्णय सगळ्यांनी घ्यावा असे मी म्हणत नाही. काही बौद्ध घरांत कंदील लागतो, काही घरांत फराळाचे ताटही घेत नाहीत. लावणाऱ्याला कच्चा म्हणू नये आणि न घेणाऱ्याला हट्टी म्हणू नये. माझे म्हणणे तिसऱ्या प्रश्नापुरते आहे. शेजारी काय म्हणतील म्हणून सण केला, किंवा आपले लोक काय म्हणतील म्हणून सोडला, तर जुन्या धर्मातली भीती आपण नव्या घरात आणली असे होईल. जे करायचे ते घरात बसून, म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना विचारून करावे, आणि कोणी विचारले तर उघड सांगावे.

आपल्या मंडळाला माझी एक विनंती आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्यातल्या कित्येक जणी येत नाहीत आणि विधवा भगिनीही येत नाहीत. त्या दिवशी नुसता तिळगुळाचा मेळावा ठेवला, कुंकू ज्यांना हवे त्यांनी लावले, तर सगळ्या जणी येतील. मंडळाच्या वर्षाच्या यादीत बुद्धपौर्णिमा आणि नाताळ लिहावेत. आणि एखादी बाई पूजेला बसली नाही, तर तिला कारण विचारू नये. सतरंजीवर तिची जागा मात्र ठेवावी.

  जय भीम.