उजेड वाढतो तेव्हा क्ष-किरण मावळतात

आज एकाच ताऱ्याविषयी बोलायचं ठरवलं आहे : हंस तारकासमूहातला एसएस सिग्नी. १८९६ साली हार्वर्ड वेधशाळेतल्या छायाचित्रांच्या काचा तपासताना लुइसा वेल्स यांना तो सापडला. एरवी तो १२व्या प्रतीचा, मंद. पण साधारण सात-आठ आठवड्यांनी तो एक-दोन दिवसांत चाळीस पट उजळतो आणि पुन्हा मंदावतो.

तिथे खरं तर दोन तारे आहेत. एक सूर्याहून लहान, नारिंगी. दुसरा श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. वस्तुमान सूर्यापेक्षा थोडंच कमी आणि आकार पृथ्वीएवढा. साडेसहा तासांत ते एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात. इतक्या जवळिकीत नारिंगी ताऱ्याचा वायू श्वेतबटूकडे ओढला जातो आणि त्याच्याभोवती फिरता फिरता त्याची तबकडी बनते. आतल्या काठाशी या वायूचा वेग सेकंदाला हजारो किलोमीटर असतो. श्वेतबटू त्यामानाने सावकाश फिरतो, म्हणून पृष्ठभागालगतच्या पातळ थरात वायूला एकदम ब्रेक लागतो. पडताना मिळालेली जवळजवळ निम्मी ऊर्जा तिथेच मोकळी होते, तापमान कोट्यवधी अंशांवर जातं. क्ष-किरण निघतात ते या थरातून.

मग तारा उजळला की क्ष-किरणही वाढायला हवेत, नाही का? १९९६च्या ऑक्टोबरमधल्या उद्रेकात एका क्ष-किरण उपग्रहाने यावर नजर ठेवली. दृश्य प्रकाश वाढू लागल्यावर एक-दीड दिवस क्ष-किरणांत काहीच घडलं नाही. तबकडीतली खळबळ श्वेतबटूपर्यंत पोचायलाच तेवढा वेळ लागतो. मग ते झपाट्याने चढले, आणि लगेच कोसळले! वायू विरळ असताना त्याला थंड होणं जमत नाही, म्हणून तो भयंकर तापतो आणि तीव्र क्ष-किरण देतो. लोंढा वाढला की थर दाट, अपारदर्शक होतो; ऊर्जा आता काही लाख अंशांच्या पृष्ठभागावरून, अतिनील आणि सौम्य क्ष-किरणांच्या रूपात बाहेर पडते. इतका तर्कशुद्ध उलगडा मला फार थोड्या ठिकाणी भेटला आहे.

उद्रेक सुरू झाल्याची खबर अशा वेळी हौशी निरीक्षक देतात, आणि त्यांचं ऋण मोठं आहे. ताऱ्याच्या अंतराचंच पाहा. हबल अंतराळ दुर्बिणीच्या मोजणीनुसार हा तारा ५०० प्रकाशवर्षांहून दूर ठरत होता. उद्रेक होतात ते तबकडी अधूनमधून तापते म्हणून, असा सिद्धान्त आहे. पण तारा इतका दूर असता, तर तो मुळात अधिक तेजस्वी ठरला असता, आणि तबकडीत इतका वायू ओतला जात असायला हवा होता की ती कायमच तापलेली राहिली असती. उद्रेकांचं कारणच उरलं नसतं. तारा रेडिओलहरींत ठळक दिसतो तो उद्रेकातच. म्हणून निरीक्षकांचा निरोप आला की रेडिओ दुर्बिणी तिकडे वळवायच्या, असं करून २०१३ साली नवं अंतर जाहीर झालं : सुमारे ३७० प्रकाशवर्षं. पुढे गाया उपग्रहाच्या मोजणीतही तेच आलं, आणि तबकडीचा सिद्धान्त तरला.