आज्ञावलीची चतुःसीमा
अमेरिकी पेटंट कायदा आणि संगणकीय शोध



पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर या शहरांतील अनेक मध्यमवर्गीय घरांतील मुलगा, मुलगी किंवा सून आज संगणक क्षेत्रात काम करते. त्यांनी रात्री जागून लिहिलेल्या आज्ञावलींचा मोठा ग्राहक अमेरिका आहे. ती आज्ञावली अमेरिकेत विकली अथवा वापरली गेली की तेथील पेटंट कायदा तिला लागू होतो. लिहिणारे हात आपल्या घरातले असले, तरी ज्या युक्तीवर ते काम उभे आहे तिची मालकी कोणाची, याचा निर्णय दूरच्या न्यायालयात होतो. म्हणूनच हा विषय केवळ वकिलांचा नाही.

पेटंट म्हणजे एक करार

१७८७ साली तयार झालेल्या अमेरिकी राज्यघटनेने विज्ञानाच्या आणि उपयुक्त कलांच्या प्रगतीसाठी संशोधकास मर्यादित काळापुरता अनन्य अधिकार देण्याची सत्ता तेथील संसदेला दिली. १७९० मध्ये पहिला पेटंट कायदा झाला. त्यामागील तत्त्व सोपे आहे. संशोधकाने आपली विद्या झाकून न ठेवता समाजापुढे उघड करावी. समाजाने त्या बदल्यात त्याला काही वर्षे मक्तेदारी द्यावी. आज ही मुदत अर्ज केल्यापासून वीस वर्षांची आहे. मुदत संपली की ती विद्या सर्वांची होते.

पेटंटच्या दस्तऐवजाचे दोन भाग असतात. पहिल्यात शोधाचे वर्णन असते, दुसऱ्यात दावे असतात. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात, तेच स्थान दाव्यांचे. पूर्वेला ओढा आणि पश्चिमेला बांध असला म्हणजे जमिनीचा वाद निदान मोजणीने मिटतो. संगणकीय शोधाला मात्र ओढा नाही आणि बांधही नाही. तेथे सर्व सीमा शब्दांच्या असतात. शब्द सैल असले की कुंपण शेजाऱ्याच्या अंगणात शिरते.

कॉपीराइट आणि पेटंट यांतील भेदही ध्यानात घेतला पाहिजे. कॉपीराइट लिहिलेल्या मजकुराचे रक्षण करतो. पेटंट त्यामागील रीतीचे. एखाद्या तरुणाने कोणाची एक ओळही न उतरवता स्वतःच्या बुद्धीने तीच रीत शोधून काढली, तरी ती आधी पेटंट झालेली असल्यास तो अमेरिकेत उल्लंघनाचा दोषी ठरू शकतो. आपण नक्कल केली नाही, एवढे सांगून त्याची सुटका होत नाही.

नकारापासून मुक्तद्वारापर्यंत

१९६८ साली मार्टिन गोट्झ यांना संगणकावर माहितीची क्रमवारी लावण्याच्या पद्धतीबद्दल पेटंट मिळाले. ते पहिले सॉफ्टवेअर पेटंट मानले जाते. परंतु १९७२ मध्ये बेन्सन खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हात आखडता घेतला. दशमान आकड्यांच्या एका सांकेतिक रूपाचे शुद्ध द्विमान अंकांत रूपांतर करण्याची ती रीत होती. असे पेटंट देणे म्हणजे गणितच एकाच्या मालकीचे करणे होय, असा निर्णयाचा आशय होता. १९७८ च्या फ्लूक खटल्यातही न्यायालयाने नकारच दिला.

पुढचे वळण एका भारतीयाच्या नावाशी जोडलेले आहे. बंगालमध्ये जन्मलेले डॉ. आनंदमोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत खनिज तेलाचे विघटन करणारा जिवाणू घडवला. १९८० साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो पेटंटयोग्य ठरवला. मानवाने घडवलेल्या वस्तूंसाठी दार किती उघडे ठेवायचे, या प्रश्नाला त्या निकालाने उदार उत्तर दिले. लगेच १९८१ मध्ये डीर खटल्यात, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, रबर भाजण्याची संगणकनियंत्रित प्रक्रिया मान्य झाली. सूत्र जुनेच होते. परंतु ते प्रत्यक्ष भट्टीशी जोडलेले होते.

१९८२ साली पेटंटविषयक अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले, आणि दार अधिकाधिक उघडत गेले. १९९८ च्या स्टेट स्ट्रीट बँक खटल्यात तर म्युच्युअल फंडांच्या हिशेबाची संगणकीय व्यवस्थाही पेटंटयोग्य ठरली. उपयुक्त, निश्चित आणि प्रत्यक्ष फळ मिळाले म्हणजे पुरे, ही कसोटी झाली. मग व्यापाराच्या साध्या रीतींचे अर्ज येऊ लागले.

याचे गाजलेले उदाहरण अ‍ॅमेझॉनचे. ग्राहकाचा पत्ता आणि पैसे देण्याची माहिती आधीच नोंदवलेली असावी आणि एकदाच बटण दाबताच मागणी पुरी व्हावी, या पद्धतीला सप्टेंबर १९९९ मध्ये पेटंट मिळाले. आपल्याकडील वाण्याच्या दुकानात उधारीची वही असते, गिऱ्हाइकाचे घर ठाऊक असते, आणि ‘नेहमीचे सामान पाठवून द्या’ एवढे एक वाक्य पुरते. ती सोय संगणकावर आली एवढेच, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे? बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीवर ऐन नाताळच्या हंगामात, डिसेंबर १९९९ मध्ये न्यायालयाचा मनाईहुकूम आला. २००१ मध्ये वरच्या न्यायालयाने पेटंटच्या वैधतेविषयी गंभीर प्रश्न असल्याचे सांगून तो उठवला. परंतु तोवर हंगाम गेला होता. ते पेटंट २०१७ पर्यंत अस्तित्वात होते.

फळे आणि काटे

न्याय्य विचार करायचा तर दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी शोधलेली ‘आरएसए’ ही गुप्तलेखनपद्धती खरोखर प्रतिभेचे फळ होती. त्यांच्या एमआयटी या संस्थेला १९८३ मध्ये तिचे पेटंट मिळाले. परंतु अर्ज करण्यापूर्वीच, १९७७ मध्ये, ती पद्धत छापून प्रसिद्ध झाली होती. अमेरिकी कायदा प्रसिद्धीनंतर एक वर्षाची सवलत देतो. इतर बहुतेक देश देत नाहीत. परिणामी सप्टेंबर २००० पर्यंत अमेरिकेत तिच्यासाठी परवाना लागे, अमेरिकेबाहेर ती मोकळी होती.

दुसरी बाजू ‘जीआयएफ’ चित्रांची. हा चित्रप्रकार १९८७ साली निघाला आणि जगभर पसरला. त्यात वापरलेल्या संक्षेपपद्धतीचे १९८५ चे पेटंट युनिसिस कंपनीकडे होते. १९९४ च्या अखेरीस परवाना शुल्काची घोषणा झाली, तेव्हा असंख्य लोकांना आपण दुसऱ्याच्या शेतातून चालत असल्याचे प्रथमच कळले. त्यातूनच १९९५ मध्ये ‘पीएनजी’ हा मुक्त पर्याय जन्मला. अन्याय वाटला म्हणून कपाळाला हात लावून न बसता समाजाने स्वतःची वाट बांधली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढे स्वतः कोणतीही वस्तू न बनवता केवळ पेटंट बाळगून वसुली करणाऱ्यांचा एक वर्गच निर्माण झाला. २००६ मध्ये ब्लॅकबेरी यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने एनटीपी या पेटंटधारक कंपनीला ६१ कोटी २५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्या पेटंटांची पेटंट कार्यालयात फेरतपासणी सुरू असताना ही रक्कम द्यावी लागली!

हळदीचा धडा

अशी पेटंटे मुळात दिली का जातात? याचे उत्तर शोधताना हळदीचा लढा आठवतो. मार्च १९९५ मध्ये जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत दिले गेले. आपल्या घरोघरच्या आजीला जे ठाऊक, ते नवीन शोध कसे? पण त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशातील नुसता वापर हा पुरावा ठरत नसे. छापील आधार लागे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये आव्हान दिले, जुन्या ग्रंथांचे आणि शोधनिबंधांचे आधार मांडले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

संगणकीय पेटंटांचे दुखणे याच जातीचे होते. प्रोग्रामर मंडळींच्या नित्य वापरातील अनेक युक्त्या परीक्षकाच्या दप्तरात नव्हत्या. दप्तरात नाही म्हणून ती नवी, असा निष्कर्ष निघे. परंपरा आजीच्या बटव्यातली असो वा संगणकतज्ज्ञांची, तिची नोंद नसेल तर तिच्यावर दुसऱ्याचे नाव लागते. २०११ च्या कायद्याने अमेरिकेने यात सुधारणा केली. २०१३ पासूनच्या अर्जांसाठी जगात कोठेही लोकांसमोर झालेला वापर पूर्वज्ञान म्हणून मान्य होतो. पेटंट कार्यालयातच आव्हान देण्याचा तुलनेने स्वस्त मार्गही २०१२ पासून खुला झाला.

मग १९ जून २०१४ रोजी ॲलिस खटल्याचा निकाल लागला. व्यवहार करणाऱ्या दोघांपैकी कोणी बुडवू नये म्हणून विश्वासू तिसऱ्याने मध्ये उभे राहावे, ही पेढ्यांवरची जुनी रीत संगणकावर आणून तिचे पेटंट मिळवले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने अवैध ठरवले. अमूर्त कल्पनेला संगणकाचा अंगरखा घातला म्हणून ती शोध होत नाही, हा त्याचा सारांश. त्यानंतर अनेक पेटंटे कोसळली. मात्र दार बंद झाले नाही. संगणकाचेच कार्य सुधारणारी माहितीसाठ्याची एक रचना २०१६ च्या एनफिश खटल्यात ग्राह्य ठरली. सीमारेषा अद्याप पुसट आहे, आणि कायदा बदलण्याचे प्रस्ताव तेथील सिनेटमध्ये मांडले गेले आहेत.

आपले कर्तव्य

भारताने या बाबतीत स्वतःचा विचार केला, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. २००२ च्या दुरुस्तीने गणिती रीत, व्यापारी रीत, अल्गोरिदम आणि केवळ संगणकीय आज्ञावली पेटंटच्या बाहेर ठेवली गेली. डिसेंबर २००४ च्या वटहुकमात ही बंधने सैल करण्याचा प्रयत्न झाला. २००५ मध्ये संसदेने कायदा संमत करताना तो बदल वगळला. त्याच वर्षी जुलैमध्ये युरोपीय संसदेनेही संगणकीय पेटंटांचा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला.

परंतु स्वदेशी म्हणजे अज्ञान नव्हे. ज्याच्या बाजारात माल विकायचा त्याच्या वजनमापांची माहिती हवीच. भारतात राहणाऱ्या संशोधकाने परदेशात थेट अर्ज करण्यापूर्वी कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार परवानगी घ्यावी लागते, अथवा आधी येथे अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते. परिषदेत निबंध वाचण्यापूर्वी, वस्तू बाजारात आणण्यापूर्वी अर्जाचा विचार व्हावा. आरएसएची कथा हेच शिकवते. आणि ज्याला पेटंट नको, ज्याला आपली विद्या सर्वांसाठी मोकळी ठेवायची आहे, त्याने ती तारखेसह प्रसिद्ध करावी, म्हणजे उद्या दुसरा कोणी तिला कुंपण घालू शकणार नाही.

विद्या दिल्याने वाढते, ही आपली श्रद्धा आहे. पेटंटचा मूळ करारही विद्या उघड करण्यासाठीच झाला होता. त्याचा विसर पडला तेव्हाच तो बिघडला. दान करायचे असो वा रक्षण, दोहोंसाठी आधी आपल्याजवळ काय आहे याची नोंद हवी. ज्यांच्या घरात आज संगणकावर काम चालते, त्यांनी एक वही घालावी. काय सुचले, केव्हा सुचले, ते तारखेनिशी लिहावे. हळद आपल्या बाजूने लिहिलेल्या अक्षराच्या बळावर जिंकली, हे पुढच्या पिढीला विसरू देऊ नये.