अन्नाशी समेट

मराठी घरात तान्हे मूल पाहावयास आलेल्या आयाबाया एक ठरावीक कौतुक करतात: ‘छान बाळसे धरले आहे हो!’ गालांचा गोबरेपणा, मनगटावरच्या वळ्या ही त्या वयात आरोग्याची आणि घरच्या सुखाची खूण मानली जाते. पुढे बारा-चौदा वर्षे लोटतात. माणसे तीच असतात. पण आता लग्नमांडवात भेटलेली मावशी भाचीला ‘किती सुटलीस ग!’ म्हणते आणि शेजारी उभ्या असलेल्या भाच्याला ‘घरी जेवायला घालीत नाहीत का रे?’ असे विचारते. बोलणारीच्या मनात दुष्टावा नसतो. ऐकणारीच्या मनात मात्र ते वाक्य घर करून राहते. ज्या ताटावर ती कालपर्यंत निर्धास्त बसत होती, त्या ताटाकडे ती हिशेबाने पाहू लागते.

या हिशेबातून कधी कधी गंभीर आजारही उद्भवतो. १८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या दोघा वैद्यांनी, अन्न असूनही ते नाकारून खंगत जाणाऱ्या तरुणींची वर्णने वैद्यकापुढे मांडली. या विकाराला ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव पडले ते गल यांच्यामुळे. अनावर खावे आणि मग भयाने ते उलटून टाकावे, या विकाराला १९७९ साली जेराल्ड रसेल यांनी ‘बुलिमिया नर्व्होसा’ असे नाव दिले. अर्थात प्रत्येक वेळी गोष्ट आजारापर्यंत जातेच असे नाही. उपाशी राहावे, मग भान हरपून खावे, मग लाजेने पुन्हा उपाशी राहावे, या फेऱ्यात कित्येक स्त्रिया, आणि पुरुषही, वर्षानुवर्षे फिरत असतात. त्यांना वाटते, आपल्या मनोबलातच काही उणे आहे. भोवतालच्या माणसांचेही तेच मत असते.

हे मत किती चुकीचे आहे, ते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाने दाखवून दिले. युरोपात लक्षावधी लोक उपाशी होते. युद्ध संपल्यावर त्यांना पुन्हा धडधाकट कसे करावयाचे, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठातील आन्सेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये ३६ तरुण स्वयंसेवक घेतले. सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती धरण्यास नकार दिलेले हे तरुण होते. शरीराने निरोगी, मनाने खंबीर, म्हणून त्यांची पारख करून निवड झाली होती. पहिले बारा आठवडे त्यांना पुरेसे अन्न मिळाले. नंतरचे चोवीस आठवडे त्यांचा आहार जवळजवळ निम्म्यावर, म्हणजे रोजी सोळाशे उष्मांकांच्या आसपास आणला गेला. पाव, बटाटे, कोबी, सलगम असे साधे दोन वेळचे जेवण, आणि आठवड्याला बावीस मैल चालणे. त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले.

वजन घटणार हे अपेक्षितच होते. विस्मयकारक ठरले ते मनाचे परिवर्तन. ज्यांना स्वयंपाकघराचे कधी कौतुक नव्हते, ते तरुण पाककृतींची पुस्तके रात्री उशिरापर्यंत वाचू लागले. ताटे चाटून पुसून घेऊ लागले. एकेक घास तासभर रेंगाळत खाऊ लागले. अभ्यास, मैत्री, विनोद, प्रेम, सगळ्यांतील गोडी नाहीशी झाली. कित्येक चिडखोर झाले, कित्येक खिन्न झाले, आणि काहींनी लपूनछपून नियम मोडले. तत्त्वासाठी लोकनिंदा सोसणारी ही माणसे. त्यांच्या निश्चयाविषयी शंका कोण घेणार? तरीही भुकेने त्यांचे सारे विचार अन्नाकडे खेचून नेले. दोष शीलाचा नव्हता. उपाशी देह जगण्याची धडपड करीत होता, आणि मन त्या देहाचेच काम करीत होते.

प्रयोगाचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. पुन्हा जेवण वाढविल्यावर सारे सुरळीत होईल, अशी स्वाभाविक अपेक्षा होती. तसे झाले नाही. निर्बंध उठल्यावर काहीजण पोट तुडुंब भरेपर्यंत जेवत, तरी भूक शमत नसे. स्नायूंच्या आधी मेद भरून आला, आणि तो पोटावर, मांड्यांवर दिसू लागताच त्यांतील काहींना आपण बेढब होत आहोत अशी चिंता लागली. प्रयोगाआधी या विषयाचा त्यांच्या मनाला स्पर्शही नव्हता! पुरेसे अन्न सातत्याने मिळत राहिले, तेव्हा महिन्यामहिन्यांनी भूक आणि मन ठिकाणावर आले. कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सारा वृत्तान्त १९५० साली दोन खंडांत प्रसिद्ध केला. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असे म्हणून आपल्याकडे हसतात. त्या हसण्यातच हे शास्त्र दडलेले आहे: उपाशी ठेवलेला देह दुपटीने वसूल करू पाहतो. तो देहाचा धर्म आहे, खादाडपणा नव्हे.

देहाकडे पाहणारी नजरही जन्मजात नसते. फिजी बेटांत भरदार अंगाला प्रतिष्ठा होती. पाहुण्याला आग्रहाने जेवू घालणे हा तेथील शिष्टाचार. १९९५ साली तेथील नाद्रोगा प्रांतात दूरचित्रवाणी आली. अ‍ॅन बेकर या अमेरिकन संशोधिकेने त्याच वर्षी शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजन घटविण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी एकही मुलगी आढळली नाही. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, पुन्हा पाहणी झाली, तेव्हा अशा मुलींचे प्रमाण शेकडा अकरांवर गेले होते. मुलींचे देह बदलले नव्हते. त्यांच्यापुढील चित्रे बदलली होती. आज ती चित्रे प्रत्येकाच्या हातातील यंत्रात अहोरात्र हलत असतात.

चित्रांच्या जोडीला आकडा असतो. उंचीच्या वर्गाने वजनाला भागण्याचे गणित बेल्जियमचे ज्योतिर्विद आणि संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले. ‘सरासरी मनुष्य’ कसा असतो ते शोधणे हा त्यांचा हेतू होता. एका माणसाच्या आरोग्याचा निवाडा करणे हा नव्हे. त्या गणिताला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे आजचे नाव १९७२ साली ज्यांनी रूढ केले, ते हेच आन्सेल कीज. डॉक्टरांना तो आकडा एक खूण म्हणून उपयोगी पडतो. पण त्यातील मेद किती आणि स्नायू किती हे त्याला सांगता येत नाही, मग माणसाची योग्यता कोठून सांगणार?

मग समेट व्हावा कसा? ऑक्सफर्ड येथे क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या मानसोपचारात आरंभीचे महत्त्वाचे पाऊल अगदी साधे आहे: ठरल्या वेळी, दिवसातून अनेकदा, नियमाने खाणे. भूक असो वा नसो, आदल्या दिवशी जास्त खाल्ले गेले असो वा नसो, पुढचे जेवण चुकवावयाचे नाही. किशोरवयीन मुलींसाठी लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयात जी पद्धत उदयास आली, तीत आईवडिलांना दोष न देता त्यांनाच उपचारात सहभागी करून घेतात. मुलगी सावरेपर्यंत तिच्या जेवणाची जबाबदारी घर उचलते. जे फार खंगले आहेत, त्यांना मात्र घरच्या घरी एकदम भरपूर खाऊ घालणे धोक्याचे असते. तेथे डॉक्टरांची देखरेख हवीच.

पुन्हा जेवू लागणाऱ्याला टोमणेही ऐकावे लागतात. लाहोरच्या संग्रहालयात तपस्वी सिद्धार्थाची गांधार शैलीतील एक मूर्ती आहे. बरगडी न् बरगडी मोजावी, शिरा मोजाव्यात, असे ते शरीर. सहा वर्षांच्या अशा तपानंतर त्याने सुजातेच्या हातची खीर स्वीकारली, असे बौद्ध परंपरा सांगते. सोबतच्या पाच तपस्व्यांना तो अधःपात वाटला, आणि ते त्याला सोडून गेले. पुढे सारनाथला बुद्धाचा पहिला उपदेश ऐकावयास बसले ते हेच पाच जण. खीर घेणे ही हार नव्हती, हे त्यांनाही उमगावयास वेळ लागला.

असा वेळ घरच्या माणसांनी द्यावयाचा असतो. ताटावर बसलेल्याच्या अंगाविषयी, चांगले वा वाईट, काहीच न बोलणे हे त्यातील पहिले औषध. त्याला पैसा पडत नाही. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ ही स्तुतीदेखील सावरणाऱ्या मुलीला पुन्हा उपासाकडे ढकलू शकते. त्याऐवजी विचारावयास पुष्कळ आहे: काय वाचतेस, झोप लागते का, मैत्रिणी काय म्हणतात. आणि जेवताना म्हणावयाचे वाक्य तर मराठी पंगतीत पूर्वीपासून आहे. वाढून झाल्यावर यजमान पानांवरून नजर फिरवितो, कोणी किती खाल्ले हे मोजीत नाही, हात जोडून एवढेच म्हणतो: ‘सावकाश होऊ द्या.’